धाकट्यांची सोयरीक : मुळेच्या पाण्यानिमित्त

ज्या वर्षी पावसाळा सरतो, दसरा उलटतो आणि पैठणचा नाथसागर भरला नाही अशी वार्ता येते, त्या वर्षी आमच्या राहुरीत एक विधी ठरल्याप्रमाणे पार पडतो. प्रथम निवेदने निघतात. मग नगर–मनमाड रस्त्यावर दोनचार घटका वाहने अडविली जातात. एरवी एकमेकांच्या सावलीसही न उभे राहणारे सर्व पक्षांचे पुढारी एका व्यासपीठावर मांडीस मांडी लावून बसतात, आणि 'मुळेच्या पाण्याचा एक थेंबही खाली जाऊ देणार नाही' अशी प्रतिज्ञा होते. टाळ्या पडतात. वकील मुंबईस जातात. पुढे एके दिवशी धरणाचे दरवाजे उचलले जातात. नदीकाठच्या पंपांची वीज तोडली जाते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, आणि पोलिसांच्या पहाऱ्यात पाणी पैठणची वाट धरते. प्रतिज्ञा करणारे त्या रात्री आपापल्या घरी स्वस्थ निजतात, आणि प्रतिज्ञा पुढल्या तुटीच्या वर्षासाठी घडी घालून ठेवली जाते.

ह्या विधीस आम्ही आता विटलो आहो. विटण्याचे कारण पाणी जाते हे नव्हे. ते कायद्याने जाते, आणि कायद्याचा विचार पुढे करूच. कारण असे की, इतक्या वर्षांत इतका घसा कोरडा करूनही आमच्या पदरी एकही नवा मित्र पडला नाही. मोठ्या संघात राहणाऱ्या लहान मुलखाने आपले हित कसे राखावे, हा राजनीतीतला फार जुना आणि फार अभ्यासिलेला प्रश्न आहे. त्याची जी उत्तरे जगात लाभली आहेत, त्यांच्या नेमके उलट आम्ही वागत आलो. आमचे म्हणणे थोडक्यात हे, की राहुरीचा खरा दोस्त मुंबईत नाही आणि नाशकातही नाही. तो पैठणास आहे, आणि त्याच्याशी सोयरीक जोडण्याऐवजी आम्ही त्यास दर तुटीच्या वर्षी शिव्या देत बसलो आहो.

हे वाक्य वाचून आमच्या गावातले काही स्नेही अंक मिटून ठेवतील. त्यांनी तसे करण्यापूर्वी जरा आकड्यांकडे पाहावे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा. त्यांत राहुरीची एक. अवघ्या नगर जिल्ह्याच्या, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, बारा. नाशिक जिल्ह्याच्या पंधरा. म्हणजे 'नगर–नाशिक एक' ही जी आमची मोठी अभेद्य फळी म्हणून सांगतात, ती सत्तावीस जागांची. समोर मराठवाड्याच्या सेहेचाळीस. मतांच्या जोरावर हा वाद जिंकता येईल असे ज्यास वाटते, त्याने पाटीपेन्सिल घेऊन पुन्हा शाळेत बसावे. आणि ही सत्तावीसांची फळी तरी खरोखर एकजीव आहे काय? तुटीच्या वर्षी दारणेतून किती जावे, प्रवरेतून किती आणि मुळेतून किती, हा प्रश्न निघाला की नाशिककर नगरकडे बोट दाखवितात, आणि नगरकरांत प्रवरेचे लोक मुळेकडे. सारख्याच तक्रारीचे लोक एकत्र बसले म्हणजे दोस्ती होत नाही; त्यांच्यापाशी एकमेकांस देण्याजोगे काही नसते, म्हणून ओझे एकमेकांच्या खांद्यावर ढकलणे एवढाच व्यवहार उरतो.

दक्षिणेतल्या लहान संस्थानांची गोष्ट मराठी वाचकांस नवी नाही. इंग्रज निघाले तेव्हा त्यांतल्या काहींनी आपसांत मिळून एक संयुक्त संघ रचून पाहिला. त्यांत विद्वान राजे होते, औंधासारखे आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना देणारे संस्थान होते. सद्भावनेची वाण नव्हती. परंतु दुबळ्याने दुबळ्याचा हात धरला तर दोघेही उभे राहतात असे नाही. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि तो संघ इतिहासाच्या तळटीपेत गेला. विलीनीकरण इष्टच होते, ह्याविषयी आमचा वाद नाही. आम्ही धडा घेतो तो एवढाच, की समदुःखी माणसांची बैठक आणि परस्परांच्या गरजेवर उभी राहिलेली मैत्री ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

आता दुसरे उदाहरण पाहू. ते परमुलखातले आहे, पण आमच्या प्रश्नाशी त्याचे नाते विलक्षण आहे. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा एक देश आहे. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, वस्ती सात लाखांच्या आसपास. म्हणजे क्षेत्राने आणि वस्तीने आमच्या जिल्ह्याचा सुमारे सातवा हिस्सा. युरोपीय संघात सत्तावीस राष्ट्रे. तेथे बहुतेक ठराव मंजूर व्हावयाचे तर राष्ट्रांपैकी शेकडा ५५ आणि लोकसंख्येपैकी शेकडा ६५ इतकी अनुकूलता लागते. लोकसंख्येच्या तराजूत लक्झेंबर्गचे वजन ते काय? तरीही त्या संघाच्या आयोगाचे अध्यक्षपद ह्या चिमुकल्या देशाच्या तीन गृहस्थांनी भूषविले : थॉर्न, सांतेर आणि युंकर. हे कसे घडले? त्या देशाने आरडाओरडीचा मार्ग धरला असता तर त्याचा आवाज पॅरिस आणि बर्लिन ह्यांच्या मधल्या मध्येच विरला असता.

घडले ते असे. बेल्जम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग ह्या तीन धाकट्या देशांची परागंदा सरकारे लंडनमध्ये दिवस काढीत असता, युद्ध अजून चालू असताना, ५ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांनी जकातीच्या ऐक्याचा करार केला. मायदेश पुरता हाती आलेला नाही, आणि हे लोक उद्याच्या बाजाराची मांडणी करीत आहेत! पुढे १९५५ साली ह्याच तिघांनी मिळून फ्रान्स, जर्मनी, इटली ह्यांच्यापुढे सामाईक बाजारपेठेचा मसुदा ठेवला. त्यातून मेसिनाची परिषद झाली आणि १९५७ चा रोमचा तह निघाला. थोरांनी घर बांधले खरे, पण त्याचा आराखडा धाकट्यांनी काढून दिला होता. आणि आराखडा काढणाऱ्यास घरात आपली खोली कोठे असावी हे आधीच ठरविता येते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ह्या तिघांपैकी बेल्जम आणि नेदरलँड्स हे जन्माचे मित्र नव्हते. १८३० साली बेल्जम नेदरलँड्सपासून भांडून वेगळा झाला होता. त्यांचे त्याहून जुने भांडण तर एका नदीचे होते. शेल्ड नदीवर वरच्या अंगास अँटवर्पचे बंदर, आणि नदीचे मुख डचांच्या हाती. १६४८ च्या तहाने डचांनी ते मुख वरच्या व्यापारास बंद करून टाकले आणि भरभराटीचे अँटवर्प दीडशे वर्षे मरगळून पडले. पुढे मुख उघडले तरी १८३९ पासून जाणाऱ्यायेणाऱ्या गलबतांवर डचांची पट्टी बसली. अखेर १८६३ साली बेल्जमने, आणि त्याच्याबरोबर त्या पाण्यावर व्यापार करणाऱ्या इतर राष्ट्रांनी, वर्गणी काढून एकरकमी मोबदला दिला आणि ती पट्टी कायमची सोडवून घेतली. तेथले भांडण वाहतुकीचे, आमचे सिंचनाचे. हा भेद आम्ही विसरलो नाही. परंतु वरचे आणि खालचे ह्यांचे पाण्यावरून वैर असते हे जर मैत्रीस कायमचे आड येणारे कारण असते, तर १९४४ चा करार झालाच नसता. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशीच करार करण्यात काही अर्थ असतो. ज्याच्याशी भांडण नाही त्याच्याशी चहा घ्यावा.

त्याच नेदरलँड्सचे आणखी एक उदाहरण. २०१८ साली चलनाच्या आणि तिजोरीच्या प्रश्नावर त्याने आयर्लंड, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि तीन बाल्टिक राष्ट्रे ह्यांची मोट बांधली. तीत शेजारचा बेल्जम नव्हता. म्हणून बेल्जमशी सोयरीक तुटली नाही. प्रश्न बदलला, सोबती बदलला, इतकेच. आमच्याकडे मात्र दोस्ती म्हटली की ती जन्माची, आणि वैर म्हटले की ते सात पिढ्यांचे. राजकारणात ह्यास निष्ठा म्हणण्याची आमची रीत आहे. आम्हांस तो आळस वाटतो.

आता घरी येऊ. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि तुटीच्या काळात खोऱ्यातील धरणांनी तूट वाटून घ्यावी हे तत्त्व त्यात घातले. त्यास धरून, मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी निवाडा दिला. त्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा पावसाळ्याअखेर शेकडा ६५ च्या खाली असेल तर वरच्यांनी पाणी सोडावे असे ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या ह्या तत्त्वावर आपली मोहोर उमटविली. पुढे त्या आकड्याचा फेरविचार करण्यास समितीही नेमली गेली. आकडा काही का ठरेना, तत्त्व पक्के झाले आहे. तरीही 'एक थेंबही नाही' ही घोषणा चालूच आहे. न्यायालयाने निकालात काढलेला दावा व्यासपीठावर पुन्हा लढविणे ह्यात शौर्य असेल. शहाणपण आहे असे आमच्याने म्हणवत नाही.

२०२३ साली वरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम झाला. त्यात मुळेच्या वाट्यास आले २.१० टीएमसी. मुळा धरणाची पूर्ण क्षमता २६ टीएमसी. म्हणजे आम्ही रणकंदन मांडले ते एकूण क्षमतेच्या बाराव्या हिश्शाहूनही थोड्या कमी पाण्यासाठी. धरण दरसाल भरत नाही आणि तुटीच्या साली दोन टीएमसी म्हणजे उन्हाळ्यातले एखादे आवर्तन, हे आम्ही जाणतो. ज्याचा ऊस उभा वाळतो त्यास टक्केवारी सांगून पोट भरत नाही. पण त्याच शेतकऱ्यास हेही विचारावे, की पाटातून, चाऱ्यांतून, फुटक्या दारांतून दरसाल जे पाणी जिरते आणि चोरीस जाते, त्यासाठी कोणी नगर–मनमाड रस्ता अडविला आहे काय?

आणि येथेच आमच्या नीतीचे खरे छिद्र दिसते. मुळेचा उजवा कालवा राहुरीच्या हद्दीत संपत नाही. तो नेवासे, शेवगाव, पाथर्डीपर्यंत जातो. त्या शेपटाकडच्या शेतकऱ्याशी आम्ही कसे वागतो? तेथल्या माणसाने आवर्तनाची वाट पाहत डोळे फोडून घ्यावेत आणि वरच्याने दुसरे पाणी उरकून घ्यावे, ही गोष्ट चावडीवरचे पोरही सांगेल. पाथर्डीच्या दृष्टीने आम्हीच 'वरचे' आहो. पैठणकर आम्हांस जे म्हणतात, ते सारे पाथर्डीकर आम्हांस म्हणू शकतो. न्यायाचा एक गज मुळा धरणाच्या वर आणि दुसरा खाली, असा व्यापार फार दिवस चालत नाही. गिऱ्हाईक एक दिवस दोन्ही गज शेजारी ठेवून पाहते.

शिवाय शेवगाव आणि पाथर्डी ह्या गावांची संयुक्त पाणीयोजना जायकवाडीच्या जलाशयावर आहे. नाथसागर आटला तर घसा केवळ छत्रपती संभाजीनगरचा कोरडा पडत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या लेकीबाळींचे हंडे रिकामे राहतात. त्या जलाशयाखाली शेवगाव–नेवाश्याची जमीन गेली, गावे उठली. म्हणजे ज्यास आम्ही परका म्हणतो त्या सागराचा तळ आमच्या मातीचा आहे. इतकी नाती असताना 'आमचे' आणि 'त्यांचे' ही रेघ नकाशावर कोणत्या शाईने ओढली जाते, हे पुढाऱ्यांनी एकदा सांगावे.

कोणी म्हणतील, 'प्रोफेसर, तुमचा लक्झेंबर्ग स्वतंत्र राष्ट्र आहे. त्यास तहाने मत मिळाले आहे. तालुक्यास कसले मत?' आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. मत नसलेल्यांनीही ह्याच गोदावरीच्या खोऱ्यात काय केले हे पाहण्यास युरोपात जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पाच्या शेपटाकडे ओझरचे शेतकरी. पाणी पोचत नाही म्हणून त्यांनी १९९० च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेऊ लागले आणि पट्टी चुकती करू लागले. ते पाहून वरच्या अंगाच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि पुढे अवघ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्याच महासंघाकडे आला. शेपटाच्या माणसाने वरच्यास शत्रू ठरविले नाही, आणि वरच्यासही कळले की मोजलेले पाणी खाली गेले तरी आपल्या हिश्शास धक्का लागत नाही. ह्यांच्यापैकी कोणापाशी विधानसभेचे मत होते? त्यांच्यापाशी मोजमाप होते आणि शब्दाची पत होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 'मराठवाड्यास आमची मैत्री हवी आहे कोठे? त्यांच्या बाजूने कायदा आहे, संख्या आहे. ते आमच्या दाराशी कशास येतील?' ह्यास उत्तर असे, की हुकमाने सोडलेले पाणी आणि पोचलेले पाणी ह्यांत अंतर असते. कोरड्या पात्रातून, वाळूच्या खड्ड्यांतून, दोन्ही काठच्या पंपांच्या तोंडून वाट काढीत जे पैठणास पोचते ते सोडल्याइतके नसते. ही घट नदीकाठच्या गावांच्या राजीखुशीवाचून कमी होणार नाही. पोलीस किती बांधावर उभे करणार? म्हणजे पैठणास आमच्यापासून घेण्याजोगी एक वस्तू आहे, आणि ती न्यायालय त्यास देऊ शकत नाही. उलट आम्हांसही पैठणची गरज आहे. सह्याद्रीच्या पलीकडे समुद्रास मिळणारे पाणी वळवून गोदावरीत आणावे, ही मागणी आम्ही एकटे करतो तेव्हा ती सत्तावीसांची असते; पैठणासह केली तर ती त्र्याहत्तरांची होते. खोऱ्यात पाणी वाढले तर तूट वाटण्याची पाळीच कमी येईल. ह्या मागणीत वरचा आणि खालचा ह्यांचे हित तसूभरही वेगळे नाही. तरी ती एकमुखाने होत नाही, ह्याचे कारण एकमेकांच्या नरड्यास हात घातलेल्यांस तिसरीकडे बोट दाखविण्यास हात मोकळा राहत नाही.

आणखी एक वस्तू आमच्यापाशी देण्यास आहे. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्या उंबऱ्यावर आहे. कमी पाण्यात पीक काढण्याची विद्या तेथे शिकविली जाते. ती विद्या आमच्याच पाटाखालच्या उसात किती उतरली, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारलाच पाहिजे. उसास मोकाट पाणी देत राहून 'आम्हांस पाणी पुरत नाही' असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. ठिबकावर ऊस घेणाऱ्या राहुरीचे म्हणणे मात्र खालच्यासही ऐकावे लागेल. पत ही अशी मिळते. ती निवेदनाच्या कागदावर शिक्का मारून मिळत नाही.

तेव्हा करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी, आणि त्या भरल्या धरणाच्या वर्षी. कारण तुटीच्या वर्षी केलेली मैत्री ही याचना ठरते. पहिली, उजव्या कालव्याच्या शेपटापासून आवर्तन देण्याची रीत राहुरीने आपण होऊन मान्य करावी. घरचा न्याय आधी. दुसरी, राहुरी आणि पैठण येथील शेतकऱ्यांनी मिळून मुळेच्या दरवाजापासून प्रवरासंगमाच्या वाटेने नाथसागरापर्यंत पाणी कोठे किती जिरते ह्याचे माप घ्यावे. दोघांनी मिळून घेतलेल्या मापावर पुढे भांडण करणे दोघांसही जड जाते. तिसरी, पश्चिमेकडील पाण्याची मागणी ह्यापुढे दोन्हीकडच्या सह्यांवाचून मुंबईस जाऊ नये. ह्या तिन्हींत आमदार लागत नाही, वकील लागत नाही, रस्ताही अडवावा लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या कोणास सुचत नसाव्यात.

ही योजना सफल होईलच अशी हमी आम्ही देत नाही. पैठणकर पहिल्या वर्षी संशयाने पाहतील, आणि तो संशय आम्हीच पेरलेला आहे. आमच्याकडेही कोणी उठून 'हा पाणी विकावयास निघाला' असे म्हणेल. पण विकण्यास पाणी आपले उरले आहे कोठे? ते कायद्याने वाटले गेले आहे. उरली आहे ती वाटणीतली आपली वागणूक, आणि तेवढीच आपल्या हातची आहे.

मुळेच्या जलाशयास ज्ञानेश्वरसागर म्हणतात आणि पैठणच्या जलाशयास नाथसागर. ज्या नेवाशास ज्ञानदेवांनी गीतेवर टीका सांगितली, ते आमच्या कालव्याच्या वाटेवरचे गाव. आणि त्या ग्रंथात पुढे तीनशे वर्षांत जे अपपाठ शिरले, ते निवडून शुद्ध प्रत सिद्ध केली ती पैठणच्या एकनाथांनी. वरून खाली गेलेले खालच्याने राखले, म्हणून ते आजच्या मराठी घरांत पोचले. रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आणि माना डोलावीत आलो. धरणांस संतांची नावे देताना कोणी आमची संमती विचारली नव्हती. पण नावे दिली गेली आहेत, आणि दसऱ्यानंतरच्या त्या सभेत, व्यासपीठावर चढण्यापूर्वी, ती एकदा वाचून घेण्यास हरकत नाही.